पंचावन्नची पाच मिनिटं

आमच्या धाकट्याशी काही बोलायचं असलं तर घड्याळात पंचावन्न व्हावे लागत. तास कोणताही चालायचा. पाच पंचावन्न, सहा पंचावन्न, रविवारी तर दुपारी बारा पंचावन्नपासूनच. त्या मिनिटाला तो कानांवरचे हेडफोन काढायचा, खुर्ची गर्रकन फिरवायचा, आणि सगळं घर त्याच्यावर तुटून पडायचं. भावजय एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात विजेचं बिल घेऊन, मी माझ्या नळाची तक्रार घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून, बिट्टी. बरोबर पाच मिनिटांनी टुंग असा आवाज व्हायचा की खुर्ची पुन्हा भिंतीकडे. ज्याचं सांगून झालं त्याचं झालं, उरलेल्याने पुढच्या पंचावन्नची वाट बघायची. आता आठवलं की मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं, तेव्हा नुसता संताप यायचा, आणि संतापायलासुद्धा पाच मिनिटं पुरायची नाहीत.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. वय वर्षं एक्केचाळीस, पण माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, म्हणून मरेपर्यंत धाकटाच. तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन डब्यांतून पाठवतात, आणि हा खाली रस्त्यालगतच्या खोलीत बसून त्यात प्लास्टर ओततो, मेण चढवतो, त्यात एकेक दात लावतो. त्याच्याकडे दातांच्या रंगांची एक पट्टी आहे. पंख्यासारखी उघडते. पांढरा म्हणजे पांढरा नसतो हे मला त्या पट्टीने शिकवलं. हात इतका हळू की बघणाऱ्याला झोप येईल. एखाद्या आजोबांच्या कवळीत तो मुद्दाम एक दात किंचित वाकडा बसवतो. सगळे सरळ असले की माणूस खोटा वाटतो, असं त्याचं म्हणणं. आजोबा आरशात बघतात आणि हसतात. असा हा माणूस. गावभरच्या लोकांना तोंड देतो आणि स्वतःच्या घरी तोंड उघडायला त्याला पंचावन्न लागतात, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायची. तो मान हलवायचा. ऐकलेलं नसायचं.

मी वरच्या मजल्यावर, त्यांच्या घरासमोरच्या खोलीत राहते. मधे चार पावलांचा बोळ. मी कपडे बेताचे करून देते, म्हणजे ढगळ असेल ते आवळते, लांब असेल ते आखूड करते. उजेड बोळातल्या खिडकीतून येतो म्हणून मशीन दाराशी, आणि दार उघडं. त्यामुळे त्यांच्या पुढच्या खोलीत काय चाललंय ते मला दिसतंच. कुणी मला चोंबडी म्हणेल. म्हणू दे. ज्याच्या दारासमोर राहायचं त्याचं दिसणार नाही तर काय.

हे सगळं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. काम मंद होतं, आणि दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने त्याला ऑनलाइन पोकर दाखवलं. दुसऱ्याच महिन्यात हा कसल्याशा टूर्नामेंटमध्ये साडेचारशे लोकांत तिसरा आला. त्या बक्षिसातून त्याने कवळ्या घासायचं नवं मशीन घेतलं. त्या मशीनने आमचा घात केला. नंतर कुणी काही बोललं की तो त्या मशीनकडे बोट दाखवायचा. पुढे तीन वर्षांत तसलं दुसरं काही घरात आलं नाही, पण बोट तिकडेच.

टूर्नामेंट म्हणजे काय हे मला कळायला वेळ लागला. मला कळलं तसं सांगते. आत शिरायला थोडे पैसे भरायचे, सिनेमाच्या तिकिटाइतके. मग सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. मधेच उठून "माझं मला द्या, मी निघालो" म्हणायची सोय नाही. बाकीचे सगळे बाद होईपर्यंत तग धरायचा, शेवटच्या मूठभर लोकांना बक्षीस, इतरांना नारळ. आणि दर डावात काही चिप्स सक्तीने लावाव्या लागतात, त्यांचा आकडा दर दहा मिनिटांनी वाढतो. तुम्ही मोरीत गेलात तरी खेळ थांबत नाही, तुमच्या ढिगातून चिप्स जातच राहतात. सुटका एकच. दर तासाची शेवटची पाच मिनिटं सगळ्यांना सुट्टी. शेकडो माणसं एकदम मोरीकडे पळत असणार. आमचा धाकटा नैसर्गिक विधी, चहा, संसार आणि बहीण, सगळं त्या पाच मिनिटांत बसवायचा.

बरं, जिंकला तर एक वेळ समजू शकतं. चार-चार तास बसायचं आणि बक्षिसाच्या अलीकडे दोन माणसं उरली की हा बाद. हातातोंडाशी आलेला घास जायचा. मग अर्धा तास तो भिंतीकडे बघत बसायचा. तेव्हाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसे, पंचावन्न झालेले असोत की नसोत.

घराने हे पचवलं कसं, असं कुणी विचारेल. भावजय पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेणं हीच तिची नोकरी. घरी आल्यावर तिला भांडायचा कंटाळा येतो. "ताई, दारू नाही पीत, बाहेर नाही भटकत. बसू दे," असं ती म्हणायची. पण चहाचं आधण मात्र बावन्नला ठेवायची, म्हणजे पंचावन्नला कप त्याच्या हातात. सवय लागली की माणूस कशालाही रांगेत उभा राहतो.

बिट्टीचं मात्र तसं नव्हतं.

बिट्टी नऊ वर्षांची. बोलताना अडखळते. चार वर्षांची असल्यापासून. पहिलं अक्षर अडून बसतं आणि मग तेच पुन्हापुन्हा येतं. काही अक्षरं तिला सोपी आहेत. "बाबा" आणि "आत्या" सुरळीत येतात. सगळ्यांत वाईट म्हणजे "द". आता जिचा बाप दात करतो तिला "द" जड जावा, याला काय म्हणायचं! आजही ती अडखळते, गोष्टीच्या शेवटी काही जादू होईल असं समजू नका.

तर त्या पाच मिनिटांत तिचा नंबर शेवटचा. बिल, नळ, किराणा उरकून धाकटा तिच्याकडे वळायचा तेव्हा दीड मिनिट उरलेलं असायचं. "बोल बेटा, पटकन." पटकन म्हटलं की ती आणखी अडकायची. "बाबा, मला द... द... दु..." धाकट्याचा एक डोळा पडद्यावर. त्याला वाटायचं आपण मदत करतोय. तो तिचं वाक्य स्वतःच पुरं करायचा. एकदा असंच झालं. ती "द, द" करत होती, हा म्हणाला, "दप्तर? दप्तर हवंय? घेऊ की!" टुंग. बिट्टीने मान हलवली. मान हलवणं सोपं असतं. रविवारी हा निळं नवंकोरं दप्तर घेऊन आला. जुनं चांगलं धडधाकट होतं. पोरगी ना हसली ना काही, दोन्ही दप्तरं खुंटीला लावून गप्प बसली. मी म्हटलं, लाडावली आहे.

हळूहळू तिने बोलणंच आखडतं घेतलं. हो, नाही, काही नाही. मग शाळेतून चिठ्ठी आली की ती वर्गात उत्तर तोंडाने देत नाही, कागदावर लिहून दाखवते. आणि लिहून दाखवते म्हणून कुणी विचारत नाही. ती चिठ्ठी वाचून भावजय पहिल्यांदा घाबरली. मीही. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, आणि आमच्या पोरीने तर दुकानच बंद करायला घेतलं होतं.

तेव्हा आम्ही तिला एका बाईंकडे नेलं. बोलणं शिकवणाऱ्या बाई, पांढरे केस, बुटक्या खुर्च्यांची खोली. घरात त्यांचं नाव पडलं "बोलायच्या बाई". एका बुधवारी दुपारी त्यांनी सांगितलं, आई-बाबा दोघांनी या. मी न बोलावता गेले. मोठी बहीण असल्याचा एवढा फायदा असतोच.

बाई बिट्टीला म्हणाल्या, "आज बाबांना काहीतरी सांग. काहीही. आपल्याला घाई नाही."

बिट्टी धाकट्यासमोर बसली. तोंड उघडलं. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

"काय बघितलंस गं?" बाईंनी विचारलं.

बराच वेळ लागला तिला. बाई नुसत्या तिच्याकडे बघत बसल्या, मधे एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी ती म्हणाली, "अजून प... प... पंचावन्न नाही झाले."

बाईंना काही कळलं नाही. आम्हा तिघांना कळलं. धाकट्याचा चेहरा त्याच्या प्लास्टरसारखा पांढरा पडला. भावजय पर्समध्ये रुमाल शोधायला लागली, जो तिच्या हातातच होता. मला वाटलं, आता कुणाला दोष देणार? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या रांगेत मीही रोज पोरीच्या पुढे नळ घेऊन उभी असायची.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अडखळणं घरामुळे येत नाही, कुणी मनाला लावून घेऊ नका. पण बोलावंसं वाटणं मात्र घरातून येतं. त्यांनी एक वही दिली. रोजची एक चौकट. वर छापलेलं, "आज बाबांना काय सांगितलं". रोज एक गोष्ट तिने बाबांना सांगायची आणि चौकटीत लिहायची. नियम दोन. घाई करायची नाही, आणि तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही. "तुम्हाला शब्द माहीत असला तरीही," बाई धाकट्याला म्हणाल्या. "येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी वही घेऊन या. चौकटी रिकाम्या राहिल्या तर मला काही करता येणार नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, टूर्नामेंट बंद केली."

मी मशीनवरून उठले. त्याच्या तोंडावरून हात फिरवणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आता कॅश टेबलवर खेळणार."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे चिप म्हणजे खरे पैसे. जेवढे समोर तेवढे आपले."

मी डोक्याला हात लावला. "अरे, आगीतून उठून फुफाट्यात चाललास की! आधी निदान तिकीट काढून बसत होतास, आता घर मांडून बसणार?"

"तसं नाही गं. तू ऐक तरी. कॅशला सक्तीचा आकडा वाढत नाही. शेवटपर्यंत टिकायचं नाही, कारण शेवटच नाही. वाटेल तेव्हा उठायचं. समोर आहे ते घ्यायचं आणि उठायचं. कुणाची परवानगी नको, बेलची वाट नको. बिट्टीने हाक मारली की उठलो."

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. सोडून का देत नाहीस, हे मी विचारलं नाही असं नाही. म्हणाला, "दिवसभर दुसऱ्यांचे दात कोरीत बसतो, ताई. संध्याकाळी थोडं डोकं चालवावंसं वाटतं." भावजयीने अटी घातल्या. सगळ्यांत छोटं टेबल, आणि महिन्याला किती घालवायचं याची मर्यादा ॲपमध्येच बांधून टाकायची, ती संपली की महिना संपेपर्यंत कुलूप. तिने स्वतः समोर बसून ते करून घेतलं. कचेरीत लोकांच्या सह्या घेते तशी त्याची सहीसुद्धा घेतली असती.

आणि मग आमच्या घरात जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

पहिल्या संध्याकाळी पाच पंचावन्नला आम्ही सवयीने गोळा झालो. भावजय चहा घेऊन, मी शिवणाचं एक बिल घेऊन, बिट्टी वही घेऊन. खुर्ची फिरली नाही. पाच छप्पन्न. पाच सत्तावन्न. भावजय म्हणाली, "अहो, ब्रेक?"

"ह्यात ब्रेक नसतो," पडद्याकडे बघतच तो म्हणाला. "केव्हाही उठता येतं."

"मग उठा की."

"हा डाव झाला की."

तो डाव झाला, आणि लगेच दुसरा वाटला. कॅशमध्ये डाव संपला की दुसरा सुरूच असतो. चहावर साय आली. आम्ही एकमेकींची तोंडं बघितली आणि आपापल्या वाटेने गेलो. सहा पंचावन्नला पुन्हा आलो. आमची खोड तशी जाते थोडीच! पुन्हा तेच.

आठ दिवस हेच. तीन वर्षांची शिस्त त्याच्या हाडीमासी भिनली होती. बेल वाजल्याशिवाय उठायचं नसतं हे अंगाला माहीत, आणि बेल तर आता कधी वाजणारच नव्हती. खेळायचाही टूर्नामेंटसारखाच. दोन चिप्स गेल्या तरी बाद होणार असल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, "अरे, इथून तुला कोण हाकलणार आहे? तूच म्हणालास ना?" तर म्हणाला, "हो गं, पण टिकून राहायला हवं ना." कशासाठी टिकायचं ते त्यालाही सांगता येईना. केव्हाही उठता येतं म्हणून माणूस कधीच उठेना. आधी निदान पाच मिनिटं तरी बाप होता पोरीला, आता तीही गेली.

शनिवारी संध्याकाळी मी वही उघडून बघितली. न विचारता, हो. नऊ चौकटी, नऊ कोऱ्या. परवाच्या सोमवारी बाईंना दाखवायची होती. माझं डोकं फिरलं. बोळ ओलांडून गेले आणि ती वही त्याच्या कीबोर्डवर आपटली.

"हे बघ. ह्यात तुझं नाव छापलंय. 'बाबांना.' काय सांगितलं? काही नाही, काही नाही, काही नाही. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे चणे आहेत, दात आहेत, खाणाऱ्यालाच वेळ नाही!"

त्याने वही चाळली. एक पान, दुसरं पान. कान लाल झाले. "ती आलीच नाही ताई माझ्याकडे," तो हळूच म्हणाला.

"कधी येणार? पंचावन्न तू काढून टाकलेस, तिला दुसरं कुठलं मिनिट दिलंयस?"

 त्याने वही नीट मिटून शेल्फवर ठेवली. रात्रभर मला वाटत राहिलं, जास्त बोलले. सकाळी वाटलं, कमीच बोलले.

रविवार. दुपारी सव्वातीन झाले असतील. भावजय आत झोपली होती, आठवड्यातली तिची तेवढीच झोप. मी दाराशी बसून एका पाहुण्याच्या पँटची दुमड टाचत होते, ओठांत पाच टाचण्या धरलेल्या. समोर धाकटा खेळायला बसलेला. त्याचा पडदा मला दिसतो. त्या दिवशी त्याच्या हातात दोन एक्के आले होते. तीन वर्षं समोर बसून मला एवढं कळतं की दोन एक्के म्हणजे वाटपात यावं ते सगळ्यात उत्तम. दुपारभर त्याने पानं टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. कुणीतरी समोरून भलीमोठी रक्कम लावली. धाकटा पुढे सरकून बसला. निर्णयाच्या वेळेची हिरवी पट्टी हळूहळू आखडायला लागली.

आणि दारात बिट्टी येऊन उभी राहिली. मुठीत एक काड्यापेटी.

"बाबा," ती म्हणाली.

धाकट्याने न वळता एक बोट वर केलं. थांब.

बिट्टीने घड्याळाकडे बघितलं. तीन वीस. तिने पुन्हा एकदा बघितलं, जणू चुकून पंचावन्न दिसतील. मग ती वळली आणि जायला लागली. रुसून नव्हे. रुसली असती तर मला बरं वाटलं असतं. दुकान बंद आहे असं दिसल्यावर माणूस वळतो, तशी ती वळली.

धाकट्याने ते पाहिलं. पडद्याच्या काळ्या कडेत तिचं प्रतिबिंब दिसलं असेल, किंवा पाय वाजले असतील, मला माहीत नाही. त्याने हेडफोन काढले. खुर्ची मागे ढकलली, ती भिंतीला जाऊन आपटली. हिरवी पट्टी अजून बोटभर शिल्लक होती. एक कळ दाबायला कितीसा वेळ लागतो? त्याने दाबली नाही. उंबऱ्यापाशी आला आणि फरशीवर मांडी घालून बसला, तिच्या उंचीला. मागे पट्टी संपली आणि ते दोन एक्के आपोआप गेले.

"बोल," तो म्हणाला. "पटकन" म्हणाला नाही. फक्त बोल.

बिट्टीने परत घड्याळाकडे बघितलं. तो म्हणाला, "तिकडे काही नाही."

"बाबा, म... माझा द..."

अडकली. "द... द... द..." मान ताणली गेली, डोळे मिटले. तिने काड्यापेटी पुढे केली. अर्धी उघडी होती ती, आत कापूस, कापसात काय आहे हे माझ्या जागेवरून मला दिसलं. मग त्याला दिसणार नाही? अख्खं आयुष्य ज्या शब्दावर तो जेवला तोच शब्द होता. त्याचे ओठ हलले. जीभ टाळूला लागलेली मी बघितली. आता म्हणतो, आता म्हणतो. माझ्याच तोंडून निघाला असता, पण माझ्या ओठांत टाचण्या होत्या. देवाने त्या दिवशी मला टाचण्या दिल्या म्हणून मी गप्प राहिले.

आणि तो गप्प राहिला. ओठ मिटून घेतले त्याने. तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मेणात दात लावताना बघतो तसा, कुठेही न जाणाऱ्या माणसासारखा. मागे टुंग झालं. नवा डाव. त्याची मान वळली नाही. पुन्हा टुंग. बिट्टीने एकदा श्वास सोडला, दुसरा घेतला.

"द... दात पडला."

"दात पडला?" धाकटा म्हणाला. "कधी?"

"ग... गुरुवारी."

गुरुवार! आज रविवार. गावभरचे दात मोजणाऱ्याच्या घरात पोरीचा दात पडून चौथा दिवस, आणि ती तो कापसात घालून बेल वाजायची वाट बघत होती. धाकट्याने दात दोन बोटांत धरून खिडकीकडे नेला. "सुळा आहे. खालचा. उजवीकडचा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. बिट्टीने तोंड उघडून रिकामी जागा दाखवली. त्याने बरोबर सांगितलं होतं.

"क... कुठल्या रंगाचा?" तिने विचारलं.

तो धावत खाली गेला आणि ती रंगांची पट्टी घेऊन आला. दोघं उंबऱ्यात बसली आणि एकेक रंग त्या एवढ्याशा दाताशेजारी लावून बघायला लागली. एकही जुळेना. हा जरा पिवळा, तो जरा निळसर. "तुझा रंग माझ्याकडे नाहीच," तो म्हणाला. बिट्टी हसली, फटीसकट. मग ती बोलायला लागली. सफरचंद खाताना कसा पडला, आधी किती दिवस हलत होता, वर्गात कुणाचे किती पडले. अडखळत, थांबत, मागे जाऊन पुन्हा सुरुवात करत. धाकटा एकदाही मधे पडला नाही. मी टाचण्या ओठांतून काढून उशीत खोचल्या आणि पदराने डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. तीन वर्षांचा.

आणि मधेच ती म्हणाली, "बाबा, म... मला द... दप्तर नको होतं."

"कुठलं दप्तर?"

"निळं." मग तिने खूप वेळ घेतला. तो थांबला. मीही थांबले. "मला द... दु... दुर्बीण हवी होती."

 धाकटा हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बिट्टीला वाटलं तो रडतोय, ती त्याच्या पाठीवर थोपटायला लागली. तिचं काही फारसं चुकलं नव्हतं.

इतक्यात आतून कपबशी वाजली. भावजय झोपेतून उठून, डोळे चोळत, सवयीने चहा घेऊन बाहेर आली. तीन पंचावन्न झाले होते. आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं. तिने खुर्चीकडे बघितलं, खुर्ची रिकामी. मग खाली बघितलं. नवरा फरशीवर, मांडीवर पट्टी, शेजारी पोरगी, मधे काड्यापेटी.

"ब्रेक झाला का?" तिने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. "उठलोय."

भावजय कप पुढे करून म्हणाली, "मग लगेच ऐका, उद्या बाईंकडे जायचंय, तर वाटेत ते बिल..."

"थ... थांब ना आई," बिट्टी म्हणाली. "माझं अजून स... सांगून व्हायचंय."